मोटारीचा तळ आणि गंज



मोटारगाडीचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे वक्ते बहुधा तिच्या यंत्रापासून आरंभ करतात. यंत्राची शक्ति किती, वेग किती, तिनें शर्यती किती जिंकल्या, एवढें सांगतां सांगतां वेळ संपून जातो. आज मी गाडीच्या ज्या भागाविषयीं बोलणार आहें, त्याकडे सहसा कोणी वांकून पाहत नाहीं. बसणारा ज्यावर पाय टेकतो, तो गाडीचा तळ, म्हणजे एक साधा पोलादी पत्रा, हा आजचा विषय आहे. दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या, हलक्या व चपळ अशा ज्या गाड्यांना स्पोर्ट्स कार म्हणतात, त्यांपैकीं जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याचा छंद युरोप-अमेरिकेंत पुष्कळांना आहे. या छंदी लोकांना विचारा. ते सांगतील कीं, बिघडलेलें यंत्र दुरुस्त होतें, फाटलेलें चामडें नवें घालतां येतें. परंतु गालिचा उचलल्यावर खालचा पत्रा हातांत चुरा होऊन आला, म्हणजे मोठमोठ्या हौशी माणसांचा धीर सुटतो. असें कां व्हावें? एका पत्र्याला इतकें महत्त्व कोठून आलें? याचें उत्तर मोटारीच्या इतिहासांत आहे.

उदाहरणादाखल आपण एकच घराणें घेऊं. इंग्लंडमध्यें ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीच्या कांठीं ॲबिंग्डन नांवाचें जुनें गांव आहे. तेथें १९२९ सालीं, एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेंत, एम्. जी. गाड्यांचा कारखाना आला. एम्. जी. हीं 'मॉरिस गॅरेजेस' या नांवाचीं आद्याक्षरें. सेसिल किम्बर या कल्पक व्यवस्थापकानें मॉरिस कंपनीच्या साध्यासुध्या घरगुती गाड्यांचे भाग घेऊन त्यांतून या चपळ गाड्या घडविल्या, आणि मध्यम वर्गांतील तरुणाला परवडेल अशी ऐट बाजारांत आणली.

महायुद्ध संपलें त्याच वर्षीं, म्हणजे १९४५ सालीं, ॲबिंग्डनहून टी. सी. नांवाची गाडी बाहेर पडली. १९४९ पर्यंत अशा सुमारें १०,००० गाड्या तयार झाल्या. हिची रचना आपल्या टांग्याहून तत्त्वतः फारशी निराळी नव्हती. खालीं पोलादी तुळयांचा भक्कम सांगाडा. चाकें, यंत्र व कमानी त्या सांगाड्याला जोडलेल्या. वर ॲश नांवाच्या चिवट लांकडाची चौकट व तीवर पत्रा. आणि पायांखालीं प्लायवुडच्या फळ्या. पुढें १९५५ सालीं एम्. जी. ए. ही गाडी आली. तिचें अंग गोलाईदार व धातूचें होतें. पण खालचा सांगाडा कायम होता आणि पायांखालीं प्लायवुडच्या फळ्याच होत्या. फळी कुजली तर स्क्रू काढावे, जुन्या फळीच्या मापाची नवी कापावी व बसवावी. दुपारपर्यंत काम आटोपलें! बैलगाडीच्या साट्याची एक फळी मोडली म्हणून कोणी बैलगाडी मोडींत काढीत नाहीं. तीच गोष्ट येथें. तळ हा केवळ पाय ठेवण्यापुरता होता. गाडीचें ओझें त्याच्यावर नव्हतें.

दरम्यान मोटारीच्या धंद्यांत एक मोठी क्रांति घडून येत होती. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं एडवर्ड बड या गृहस्थानें १९१२ सालीं स्वतःचा कारखाना काढला. लांकडी चौकट अजिबात टाकून द्यावी, प्रचंड दाबयंत्राखालीं पोलादी पत्रे हव्या त्या आकाराचे दाबून काढावे, आणि विजेच्या उष्णतेनें ठिकठिकाणीं टिपके देऊन ते एकमेकांस सांधावे, ही त्याची कल्पना. हा लाभ कांहीं लहान नव्हता. कुशल सुतारांचे दिवसचे दिवस वांचले. शिवाय अंगांत लांकूड उरलें नाहीं, म्हणून रंग दिलेली गाडी भट्टींत घालून तो रंग लौकर वाळवितां येऊं लागला. हीच विद्या इंग्लंडांत आणण्यासाठीं १९२६ सालीं विल्यम मॉरिस व बड यांच्या भागीदारींतून ऑक्सफर्डजवळ कौली येथें प्रेस्ड स्टील कंपनी निघाली.

यापुढची पायरी अधिक धाडसाची होती. पोलादी अंग जर इतकें बळकट आहे, तर खालचा जड सांगाडा हवाच कशाला? इटलींत व्हिन्सेन्झो लान्चियानें १९२२ सालीं लॅम्डा ही गाडी लोकांपुढें मांडली, तींत अंग व सांगाडा हा भेद त्यानें पुसून टाकला होता. फ्रान्समध्यें सिट्रोएननें १९३४ सालीं, बडच्याच विद्येच्या आधारें, तीच गोष्ट कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. खेंकड्याला पाठीचा कणा नसतो. कवच हाच त्याचा सांगाडा असतो. मोटारीनें हाच मार्ग पत्करला. गाडी हलकी झाली, आंत जागा वाढली, किंमत उतरली. मात्र ज्याचा सांगाडा बाहेर आहे, त्याला कातडी खरचटली इतकें म्हणून भागत नाहीं. त्याची जखम हाडालाच होते. या सौद्याची ही दुसरी बाजू ध्यानांत यावयास मात्र पुढें बराच काळ जावा लागला.

ॲबिंग्डनच्या कारखान्यानें हा मार्ग १९६२ सालीं धरला. त्या वर्षीं आलेली एम्. जी. बी. ही गाडी मुख्य अभियंता सिड एनेव्हर याच्या देखरेखीखालीं तयार झाली. तिच्या अंगाचें रेखाटन डॉन हेटर याचें. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जुन्या गाडीपेक्षां तीन इंचांनीं कमी, तरी आंत जागा अधिक. ही सांगाडा काढून टाकल्याची कमाई होती. परंतु येथें एक अडचण होती. पुठ्ठ्याची पेटी घ्या. झांकण असतां ती पिळूं म्हटल्यास पिळत नाहीं. झांकण काढा, कीं ती लगेच वांकडी होते. छपराच्या गाडीला वरचें झांकण असतें. उघड्या गाडीला तें नाहीं. तेव्हां सारा ताण खालच्या भागानें सोसला पाहिजे. यासाठीं दोन्ही दारांच्या खालीं पोलादी उंबरठे केलेले असतात. हा उंबरठा दिसतो एक, पण आंत अनेक पत्र्यांचा पोकळ पेटारा असतो. मध्यें दांतेचक्राच्या पेटीवरून जाणारा पत्र्याचा बोगदा, आसनांखालीं आडवी तुळई, आणि या सर्वांना एकत्र बांधणारे दोन तळपत्रे, एक उजवा व एक डावा. सुमारें एक मिलिमीटर जाडीचा हा पत्रा. पण उंबरठा व बोगदा यांना तोच जखडून ठेवतो. एके काळीं सुताराच्या फळीनें भागत होतें, त्या जागीं आतां गाडीचा कणाच येऊन बसला.

आतां या कण्याच्या शत्रूकडे वळूं. लोखंड गंजतें हें पोरासोरांनाही ठाऊक आहे. कोंकणांतल्या घरावरच्या पत्र्यांना खारा वारा काय करतो, हें तिकडच्या माणसास सांगावयास नको. पण तें गंजतें कसें, याचा नीट उलगडा १९२० नंतरच्या दशकांत केंब्रिजच्या यूलिक एव्हन्स या शास्त्रज्ञानें एका साध्या प्रयोगानें केला. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर त्यानें मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यांत अशीं द्रव्यें घातलीं होतीं कीं, लोखंड विरघळेल तेथें निळा रंग यावा आणि प्राणवायूची क्रिया चालेल तेथें गुलाबी. थोड्याच वेळांत थेंबाच्या कडेला गुलाबी कडें उमटलें व मध्यभाग निळा झाला. म्हणजे जेथें हवा पोहोंचते ती कड सुरक्षित राहते, आणि जेथें हवा पोहोंचत नाहीं तें मध्यच विरघळतें! थेंब म्हणजे एक चिमुकली विजेची घटमालाच होय.

या एका प्रयोगानें मोटारीच्या तळाचें सारें दुर्दैव समजतें. पत्रा उघडा असता, वाऱ्यावर वाळता, तर फारसें बिघडतें ना. पण त्यावर जाड गालिचा, त्याखालीं नमद्यासारखें अस्तर. खालून चिखलाचा थर. आणि दोन पत्रे एकमेकांवर बसतात तेथें केसाएवढी फट. ओल आहे व हवा नाहीं, अशी गंजाला हवी तशी जागा. त्यांतून गंज हा मूळच्या धातूपेक्षां कित्येक पट जागा अडवितो. म्हणून सांध्यांत शिरला कीं तो पाचर मारल्याप्रमाणें दोन पत्रे फांकवितो व आंत आणखी पाणी घेतो. एम्. जी. बी. गाडीच्या कांचेपुढील झरोक्यांतून जें पावसाचें पाणी आंत येतें, तें बाहेर जावें म्हणून एक नळी आहे. झाडाचा पालापाचोळा साचून ती नळी तुंबली, कीं पाणी पायांपाशीं उतरतें. मालक वरून गाडी पुसून लखलखीत ठेवतो, आणि गालिच्याखालीं महिनोन् महिने डबकें साचलेलें असतें.

यावर उपाय ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. जहाजांच्या तांबड्या तळाला जस्त किंवा लोखंड जोडलें असतां तांबें झिजत नाहीं, हें सर हम्फ्री डेव्ही यांनीं १८२४ सालींच दाखविलें होतें. पुढें १८३७ सालीं सोरेल या फ्रेंच अभियंत्यानें लोखंडावर जस्त चढविण्याचें पेटंट घेतलें. जस्त स्वतः झिजतें व लोखंडाला वांचवितें, हें तत्त्व तेव्हांपासून कौलारू पत्र्यांना व बादल्यांना लागू झालें. मोटारींना मात्र तें फार उशिरां मिळालें. जर्मनीच्या पोर्शे कंपनीनें आपल्या ९११ या गाडीसाठीं १९७५ च्या सुमारास जस्त चढविलेला पत्रा घेतला, तेव्हां ती मोठी नवलाची गोष्ट वाटली. स्वस्त गाडी पंधरावीस वर्षांपलीकडे जगावी, असा विचारच बहुतेक कारखानदारांनीं केला नव्हता.

तशांत रस्त्यांनींही वैर धरलें. हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यावर मीठ टाकण्याची सरसकट पद्धत अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर राज्यानें १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत सुरू केली, व पुढें ती सर्वत्र पसरली. एम्. जी. बी. गाड्या १९८० पर्यंत पांच लाखांहून अधिक झाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेंत गेल्या. एव्हन्सच्या थेंबांतील मीठ आतां प्रत्येक चाकाखालून तळावर उडूं लागलें.

मग दुरुस्तीच्या नांवाखालीं फसवणूक सुरू झाली. गंजलेल्या भोंकावर पत्र्याचें ठिगळ, त्यावर लुकण, त्यावर डांबरासारखा काळा रंग. उंबरठा आंतून पोकळ झाला असतां त्यावर बाहेरून नवा पत्रा चढविणें. असले प्रकार बाजारांत सर्रास चालत. गिऱ्हाइकाला तळ धडधाकट दिसे. अपघात झाला, म्हणजे आसन किंवा पट्टा जेथें जखडला आहे ती जागाच उपटून येई. ब्रिटनमध्यें जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० सालीं सुरू झाली होती. परंतु अंगाच्या व सांगाड्याच्या बळकटीची परीक्षा तींत १९७७ सालीं आली. त्या दिवसापासून गंजलेला तळ ही मालकाची खासगी बाब राहिली नाहीं. पुष्कळ गाड्या मोडींत गेल्या. ॲबिंग्डनचा कारखानाही १९८० च्या ऑक्टोबरांत बंद पडला.

आतां खरी दुरुस्ती कशी होते, तें सांगतों. कारण या कामांत जो विचार आहे, तो ऐकण्याजोगा आहे. पहिली गोष्ट परीक्षा. आंतील आसनें, गालिचे व अस्तर सर्व बाहेर काढावें, आणि लहान हातोड्यानें तळ ठोकीत जावें. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला बद्द आवाज देतो, व टोंचणी लावली कीं ती आरपार जाते. दार व उंबरठा यांमधील फट पुढेंमागें सारखी आहे काय, तेंही पाहावें. ती कमीअधिक असेल तर गाडी मध्यें खचली आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कापण्यास हात लावण्यापूर्वीं गाडीला आधार दिला पाहिजे. घराची भिंत काढतांना गवंडी तुळईखालीं टेकू देतो, त्याप्रमाणें दाराच्या मोकळ्या चौकटींत पोलादी नळी आडवी जोडून ती पक्की करतात. गाडी समपातळींत, चाकांच्या कमानी जेथें जोडलेल्या असतात त्या बळकट जागांखालीं, घोड्यांवर बसवितात. हें न करतां उतावळेपणानें दोन्ही बाजूंचे उंबरठे व तळ एकदम कापून काढले, तर गाडी केळीच्या पानासारखी मध्यें लवते. आणि तशाच लवलेल्या स्थितींत नवा पत्रा जोडला म्हणजे तो दोष कायमचा होतो. मग दारें जन्मभर लागत नाहींत. म्हणून एका वेळीं एकच बाजू, आणि पहिल्यानें उंबरठा, मग तळ, असा जाणत्यांचा क्रम आहे. बॅटरी सोडविणें, पेट्रोलची टांकी व नळ्या काढणें, आग विझविण्याचें साधन जवळ ठेवणें, हें तर सांगावयासच नको. ज्वालाग्राही अस्तर व पेट्रोल यांच्या शेजारीं ठिणगी पाडावयाची असते.

मग जुना पत्रा काढावयाचा. कारखान्यांत दिलेले विजेचे टिपके एकेक शोधून, वरच्या पत्र्यापुरतेंच भोंक पाडून, खालची कड न दुखवितां ते सोडवावे लागतात. या कामांत दिवस जातात. कड स्वच्छ घासून तिच्यावर जस्ताचा रंग देतात. नवा तळपत्रा पकडींनीं बसवितात. पुनःपुन्हां मापें घेतात. दार लावून पाहतात. आणि तें मनासारखें झाल्यावरच जोडकामास आरंभ करतात. जोड देतांना एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरळ जात नाहींत. येथें एक टांका, तेथें एक टांका, मध्यें पत्रा थंड होऊं द्यावा. नाहींतर उष्णतेनें पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. शेवटीं सांध्यांत पाणी शिरूं नये म्हणून लेप, खालून रंग, आणि उंबरठ्याच्या पोकळींत पातळ मेणाचा फवारा. पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या नाहींत, तर हें सर्व पुन्हां करावें लागतें. गंज काढणें हें अर्धें काम. तो कोठून आला तें शोधणें हें उरलेलें अर्धें.

परंतु नवा तळपत्रा आणावयाचा कोठून? येथें या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळालें. टी. सी. गाडीची फळी कोणीही सुतार करील. दाबयंत्रांतून निघालेला पत्रा, त्याच्या पन्हळींसह व कडांसह, हातानें तंतोतंत घडविणें अवघड. त्यास मूळचे साचेच पाहिजेत. कारखाना बंद पडल्यावर असे साचे भंगारांत जाण्याची भीति असते. पण जुन्या साच्यांचा शोध घेण्यांत आला, आणि १९८८ सालीं ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें ऑक्सफर्डशायरमधील फॅरिंगडन येथें एम्. जी. बी.चें संपूर्ण अंग पुन्हां तयार करण्यास सुरुवात केली. मूळचे पुष्कळसे साचे, पण नवें पोलाद. गाडी बंद पडून आठ वर्षें झालीं होतीं. तिचें शरीर पुन्हां जन्माला येऊं लागलें! त्याच पायावर १९९३ ते १९९५ या काळांत एम्. जी. आर. व्ही. ८ नांवाची सुमारें २,००० नवीं वाहनें निघालीं, व त्यांतील बहुतेक जपानांत गेलीं. हातानें घडलेली वस्तु टिकवावयाची तर कारागिराचा हात टिकविला पाहिजे. यंत्रानें घडलेली वस्तु टिकवावयाची तर तिचा साचाही टिकविला पाहिजे, हा धडा यांतून मिळतो.

आपल्याकडेही ही गोष्ट अगदींच परकी नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ पर्यंत धांवली, तीही याच जातीची, सांगाड्याविना पोलादी कवचाची गाडी. मुंबईचा पावसाळा व समुद्राचा खारा वारा सोसून ती दशकानुदशकें चालली, ती तिच्या तळाला पुनःपुन्हां नवा पत्रा लावणाऱ्या कारागिरांच्या बळावर. त्यांना मूळचे साचे कोण देणार? पत्रा हातानें ठोकून ते वेळ निभावून नेत.

आतां एक प्रश्न राहतो. तळ नवा, उंबरठे नवे, कोणा कोणाच्या बाबतींत सारें अंगच नवें. मग ती गाडी जुनी म्हणावी कां? ग्रीक लोकांनीं थीसियसच्या जहाजाविषयीं हाच वाद घातला होता. एकेक फळी बदलतां बदलतां सर्व फळ्या नव्या झाल्या. तें जहाज तेंच कीं दुसरें? इमारतींच्या बाबतींत १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेनें एक व्यवहार्य वाट दाखविली आहे. नवा भाग जुन्याशीं मिळताजुळता असावा, परंतु तो जुना म्हणून खपवूं नये, ओळखूं यावा. याच विचाराचें अनुकरण करून जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघानें ट्युरिनची सनद तयार केली.

मला वाटतें, तळाच्या बाबतींत हा नियम विशेषच लागू पडतो. जेवढा पत्रा शाबूत आहे, तेवढा कापूं नये. कारण तो त्या कारखान्यांतील त्या माणसांच्या हातचा आहे, आणि तो पुन्हां मिळावयाचा नाहीं. पण जो कुजला आहे, तो जुनेपणाच्या मायेनें ठेवूंही नये. कारण त्यावर कोणीतरी विश्वासानें पाय ठेवून बसणार आहे. आणि जें केलें त्याची छायाचित्रें, तारखा व टिपणें नोंदून ठेवावीं, म्हणजे पुढच्या मालकाला गालिचा उचलतां खरें काय तें कळेल. लुकण लावून झांकलेलें भोंक आणि उघडपणें बसविलेला नवा पत्रा, यांत दिसण्यापुरता फरक थोडा असेल. परंतु पहिल्यानें गाडीचा जीवही जातो व माणसाचाही, आणि दुसऱ्यानें साठ वर्षांची गाडी आणखी एक पिढी रस्त्यावर राहते. जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी परीक्षा वरच्या लखलखीत रंगांत होत नाहीं. ती, कोणी पाहत नाहीं त्या तळाशीं होते.